खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे नेमकं कोणाच्या? जनरल जगन्नाथराव भोसले यांचं आयुष्य आणि शपथेचा प्रश्न

(औंढे, ता. मावळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आयोजकांनी आम्हाला विषय निवडायची मोकळीक दिली होती, फक्त एवढंच सांगितलं की समोर फौजेच्या भरतीची तयारी करणारी मुलं असतील, तेव्हा त्यांच्या कामाचं काही बोला. आमचा विषय तत्त्वज्ञान. भरतीला त्याचा काय उपयोग, असं कोणाच्या मनात आलं तर ते रास्त आहे. पण भरती झाल्यावर, प्रशिक्षण संपताना, जवान शपथ घेतो. शपथ म्हणजे काय, ती कोणाला बांधते, आणि ती मोडावी अशी वेळ कधी येते का, हे प्रश्न तत्त्वज्ञानाचेच आहेत. आज आपण ते एका माणसाच्या आयुष्यावरून समजून घेऊ.

मुंबईत मंत्रालयाजवळ यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानची इमारत आहे. साहित्याच्या, राजकारणाच्या कार्यक्रमांना तिथे महाराष्ट्रभरातून लोक येतात. निमंत्रणपत्रिकेवर पत्ता छापलेला असतो, जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग. पत्ता हजारो वेळा वाचला जातो, पण हे जनरल भोसले कोण, असं विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतात. कोणी म्हणतं, पानिपतावरचे असतील. कोणी म्हणतं, एकाहत्तरच्या लढाईतले. दोन्ही चूक. ते जनरल होते, पण स्वतंत्र भारताच्या सैन्यात नव्हते. ज्या फौजेत ते जनरल झाले ती आज अस्तित्वात नाही, आणि ज्या सरकारची ती फौज होती त्याला स्वतःच्या भूमीवर राज्य करायला मिळालंच नाही.

सावंतवाडी ते सिंगापूर

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ चा, सावंतवाडी संस्थानातल्या तिरोडे गावचा. शिक्षण डेहराडूनच्या प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेजात झालं आणि तिथून ते इंग्लंडला सँडहर्स्टला गेले. आज एनडीए आणि आयएमए आपल्याला नेहमीच्या वाटतात, पण डेहराडूनची आयएमए सुरू झाली ती १९३२ साली. त्याआधी हिंदी तरुणाला अधिकारी व्हायचं तर सँडहर्स्टच गाठावं लागे, आणि तिथे हिंदी मुलांसाठी जागा अगदी मोजक्या. ज्याला ती मिळाली त्याला बादशहाचं कमिशन मिळे, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीचा कागद. बरोबरीची वागणूक मिळे की नाही, ही गोष्ट वेगळी. भोसले मराठा लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी झाले आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचले. त्या काळी हिंदी अधिकाऱ्याला हा हुद्दा क्वचितच मिळे.

म्हणजे बघा, हा माणूस बंडखोर नव्हता. इंग्रजांच्याच शाळेत शिकलेला, इंग्रजांच्याच पद्धतीने घडलेला, नोकरीत चांगला चाललेला अधिकारी होता. त्याच्याकडे गमावण्यासारखं पुष्कळ होतं.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं. ब्रिटिश सेनेने जपान्यांपुढे शस्त्रं खाली ठेवली. दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, हिंदी कैद्यांना गोऱ्या सैनिकांपासून वेगळं काढून फॅरर पार्कच्या मैदानावर गोळा करण्यात आलं. सुमारे ४०,००० माणसं. ब्रिटिशांच्या वतीने कर्नल हंट यांनी सांगितलं की आता तुम्ही जपान्यांच्या ताब्यात आहात, त्यांचे हुकूम पाळा. जपानी मेजर फुजिवारा यांनी त्यांना कॅप्टन मोहनसिंग यांच्या हवाली केलं, आणि मोहनसिंगांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी फौज उभी करण्याचं आवाहन केलं.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्या मैदानावर क्षणभर थांबावं. शपथ ही दोन पक्षांमधली गोष्ट आहे. मी तुझ्यासाठी जीव देईन, असं एक म्हणतो, आणि मी तुझा धनी राहीन, असं दुसरा. आता धन्यानेच हात वर करून, हे आता तुमचे, असं म्हणत माणसं शत्रूच्या पदरात टाकली. मग पहिल्याची शपथ शिल्लक राहते का? हा प्रश्न पुढे लाल किल्ल्यातल्या खटल्यात बचाव पक्षानेही उभा केला.

भीष्म आणि युयुत्सु

आपल्याकडे याला सोपा शब्द आहे, मीठ. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण म्हणतो. महाभारतात युद्धाच्या आरंभी युधिष्ठिर आशीर्वाद घ्यायला भीष्मांकडे जातो. न्याय पांडवांच्या बाजूला आहे हे भीष्म जाणतात, पण कौरवांच्या धनाने आपण बांधले गेलो आहोत, असं सांगून तिथेच राहतात. त्याच प्रसंगात युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून विचारतो, कोणाला आमच्याकडे यायचंय का? आणि धृतराष्ट्राचाच एक मुलगा, युयुत्सु, पलीकडे निघून येतो. कीर्तनात भीष्म पुष्कळदा येतात, युयुत्सु फार कमी वेळा येतो. पण व्यासांनी दोघांना एकाच प्रसंगात ठेवलंय. एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं त्यांनी ठरवलेलं नाही.

फॅरर पार्कवर दोन्ही प्रकारची माणसं होती. काही हजारांनी नव्या फौजेत जायला नकार दिला. त्यांतल्या अनेकांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीला धाडलं आणि भूक, रोगराई, मारहाण यांनी त्यांतले कितीतरी मेले. जे फौजेत गेले त्यांच्यातही सगळे देशप्रेमानेच गेले असं नाही. कोणी कैदेला कंटाळून गेला, कोणी आपल्या जवानांना जपानी अत्याचारांपासून वाचवायला गेला, कोणी मनापासून गेला. माणसाच्या मनात हेतू एकटा कधीच नसतो. त्यामुळे जे गेले ते सगळे देशभक्त आणि जे राहिले ते सगळे इंग्रजांचे गुलाम, अशी वाटणी आम्हाला मान्य नाही. ती करणाऱ्याने छावणीतली एक रात्र डोळ्यांसमोर आणावी.

पण मिठाबद्दल आणखी एक विचार करायला हवा. मीठ कोणाचं? हिंदी सैन्याचा पगार, रेशन, गणवेश यांचा मोठा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर होता. तिजोरी भरत होता इथला शेतकरी, सारा देऊन, आणि अगदी शब्दशः मिठावरचा कर देऊन. १९३० साली गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं तेव्हा हाच प्रश्न देशासमोर ठेवला होता. मग सैनिकाने खाल्लेलं मीठ लंडनच्या राजाचं की मावळातल्या कुणब्याचं? भोसले आणि त्यांच्यासारख्यांनी त्याचं उत्तर आपल्या परीने दिलं.

राज्याआधी उभी राहिलेली फौज

पहिली आझाद हिंद सेना फार टिकली नाही. जपान्यांच्या हेतूंबद्दल मोहनसिंगांना शंका आली, खटका उडाला, आणि डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना अटक झाली. विस्कटलेली घडी पुन्हा बसवायचं काम रासबिहारी बोस आणि त्यांच्याबरोबर लष्करी बाजूने भोसले यांच्याकडे आलं. मिलिटरी ब्युरोचे संचालक म्हणून त्यांनी फौजेचा सांगाडा टिकवून धरला. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापूरला आले तेव्हा त्यांना अगदीच ओसाड मैदान मिळालं नाही, यात भोसल्यांचा वाटा मोठा आहे. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदचं हंगामी सरकार स्थापन झालं. त्यात सैन्याचे प्रतिनिधी म्हणून भोसले होते, आणि नेताजी सरसेनापती असलेल्या फौजेचे ते चीफ ऑफ स्टाफ झाले.

चीफ ऑफ स्टाफ म्हणजे काय, हे तरुणांनी समजून घ्यावं. तो पोवाड्यात येत नाही. दाणागोटा, कपडे, औषधं, प्रशिक्षण, कोणती तुकडी कुठे आणि केव्हा, याची जुळणी तो करतो. इथे तर अडचण दुप्पट होती. लढाई इंग्रजांशी, आणि वाहनं, दारूगोळा, वाहतूक यासाठी हात पसरायचा जपान्यांपुढे. मलायातले मराठी, तमिळ, पंजाबी मजूर आणि व्यापारी, बायका अंगावरचे दागिने काढून देत होत्या, ती मदतही फौजेपर्यंत नीट पोचवायची. १९४४ च्या एप्रिलमध्ये मोईरांगला तिरंगा फडकला, आणि त्यानंतर इंफाळच्या वेढ्यातून पाऊस, हिवताप आणि उपासमारीत माघार घ्यावी लागली.

याच्याबरोबर एक काळी बाजूही सांगायला हवी. ज्या जपान्यांच्या मदतीने ही फौज उभी होती त्यांनी अंदमानात आपल्याच लोकांवर भयंकर अत्याचार केले. डॉ. दिवाणसिंग हे तिथले लोकप्रिय डॉक्टर आणि पंजाबी कवी जानेवारी १९४४ मध्ये त्यांच्या छळाने मेले, आणि तेव्हा ती बेटं कागदोपत्री आझाद हिंद सरकारकडे सोपवलेली होती. शपथ मोडून नवा पक्ष धरणाऱ्याला नव्या मित्राच्या पापातलाही वाटा उचलावा लागतो. युयुत्सु पलीकडे गेला, तेव्हा पलीकडेही सगळे धर्मराज नव्हते.

युद्ध संपलं तेव्हा भोसले बँकॉकमध्ये होते. नेताजी तिथून निघाले आणि पुढे १८ ऑगस्ट १९४५ च्या विमान अपघाताची बातमी आली. मागे राहिलेल्यांना शरण जायचं होतं, जवानांची जबाबदारी घ्यायची होती. भोसलेही कैदेत गेले.

दोन खटले, दोन शेवट

नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर खटला उभा राहिला. भुलाभाई देसाईंचा युक्तिवाद असा होता की गुलाम देशाला स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, आणि या फौजेमागे एक सरकार होतं, तेव्हा तिच्या सैनिकांना साधे फितूर म्हणून शिक्षा देता येणार नाही. न्यायालयाने जन्मठेप दिली. सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ३ जानेवारी १९४६ ला जन्मठेप माफ केली, पण बडतर्फी आणि थकलेल्या पगाराची जप्ती कायम ठेवली. मीठ परत घेतलं, असं म्हणा हवं तर.

माफी का दिली? देश पेटला होता, आणि खुद्द सैन्यातच कुजबुज सुरू होती. तुमच्या गावाजवळचंच उदाहरण घ्या. लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी सुरू झालं १५ फेब्रुवारी १९४५ ला. सिंगापूर पडलं त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. तळाला नाव शिवाजी महाराजांचं, आणि नौसैनिकांची शपथ मात्र इंग्लंडच्या राजाच्या नावाची! त्यानंतर वर्षभराने, फेब्रुवारी १९४६ मध्ये, मुंबईत नौदलाचा उठाव झाला. त्यामागे वाईट जेवण होतं, अपमानाची वागणूक होती आणि लाल किल्ल्याचा खटलाही होता.

आता नजर जरा पश्चिमेकडे वळवू. त्याच काळात हाच प्रश्न कुर्द लोकांपुढे होता. कुर्द म्हणजे इराण, इराक, तुर्कस्तान आणि सीरिया यांच्यात विभागला गेलेला, स्वतःचं राज्य नसलेला समाज. २२ जानेवारी १९४६ ला इराणमधल्या महाबाद इथे काझी मुहम्मद यांनी कुर्द प्रजासत्ताक जाहीर केलं. इराकमधून मुस्तफा बारझानी आपली माणसं घेऊन आले आणि त्या फौजेचे जनरल झाले. त्यांच्याबरोबर इराकी सैन्यातले कुर्द अधिकारीही होते. ते बगदादच्या राजाची शपथ घेतलेले, आणि ती सोडून आलेले. वर्ष पुरं व्हायच्या आत ते प्रजासत्ताक कोसळलं. काझी मुहम्मद यांना फाशी झाली. इराकला परतलेल्या चार अधिकाऱ्यांना १९ जून १९४७ ला बगदादमध्ये फासावर लटकावण्यात आलं. बारझानी सोव्हिएत संघात गेले, अकरा वर्षं परागंदा राहिले, परतून पुन्हा लढले, आणि १९७९ मध्ये अमेरिकेत वारले.

त्या चार अधिकाऱ्यांनी आणि आपल्या तिघांनी केलं ते जवळजवळ एकच. हे सुटले आणि ते फासावर गेले. फरक धैर्यात नव्हता. इथे राज्य येणार हे दिसू लागलं होतं आणि तिथे ते आलं नाही. यावरून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगत असू. फितूर की क्रांतिकारक, हे नाव पुष्कळदा निकालानंतर ठरतं, पण कृती योग्य होती की अयोग्य हे निकालावरून ठरत नाही. ते हेतूवरून, निवडलेल्या मार्गावरून, आणि त्या माणसाने नंतर काय केलं यावरून तपासावं लागतं.

छावणीत जागा नाही, संसदेत आहे

म्हणून भोसल्यांचा उत्तरार्ध आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. देश स्वतंत्र झाला. लाल किल्ल्यातल्या तिघांसाठी नेहरूंनी वकिलाचा झगा पुन्हा अंगावर चढवला होता. पण त्यांच्याच सरकारने आझाद हिंदच्या लोकांना सैन्यात परत घेतलं नाही. कृतघ्नपणा म्हणून यावर आजही टीका होते, आणि त्या जवानांच्या हालांचा विचार केला तर तिच्यात तथ्य आहे. स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन योजना यायला १९७२ उजाडलं. पण दुसरी बाजूही पाहा. जनरल थिमय्या इंग्रजांच्या बाजूने ब्रह्मदेशात लढत होते आणि त्यांचे सख्खे भाऊ आझाद हिंद सेनेत होते. एकाच घरात भीष्मही आणि युयुत्सुही. १९४७ मध्ये दोघांना एकाच मेसमध्ये शेजारी बसवायचं, आणि शपथ मोडलेल्याच्या हुकुमात शपथ पाळलेल्याला द्यायचं, हे नव्या देशाला परवडलं नसतं. शेजारच्या अनेक देशांत सैन्य राजकारणात शिरलं. आपल्याकडे शिरलं नाही, त्याची जी कारणं आहेत त्यात ही कठोरपणाची एक पायरी असावी असं आमचं मत आहे.

मग या अधिकाऱ्यांनी काय करायचं? अनेकांनी मतदाराकडे जायचं ठरवलं. शाहनवाज खान मीरत भागातून लोकसभेत गेले. मोहनसिंग पुढे राज्यसभेत आले. झाँसी राणी पथकाच्या लक्ष्मी सहगल डाव्या चळवळीत गेल्या. मुहम्मद झमान कियानी पाकिस्तानात गेले. भोसले १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे रत्नागिरी उत्तर मतदारसंघातून निवडून आले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले.

पुनर्वसन हे तेव्हा नावापुरतं खातं नव्हतं. १९५१ च्या जनगणनेत सुमारे ७२ लाख निर्वासित मोजले गेले. दिल्लीत छावण्या भरलेल्या होत्या. त्यात आईबाप गमावलेली, दंगली पाहिलेली, शाळा तुटलेली मुलं होती. १९५४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरातल्या कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या वसाहतीत भोसल्यांनी एक प्रयोग सुरू केला. व्यायाम, कवायत, समूहगान, थोरांच्या गोष्टी, स्वच्छता आणि आपापलं काम आपण वाटून घेणं. त्याचीच पुढे राष्ट्रीय अनुशासन योजना झाली. ती इतर राज्यांतल्या शाळांत गेली, शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राजस्थानात सरिस्का इथे केंद्र निघालं. पुढे कुंझरू समितीच्या शिफारशीनुसार १९६५ च्या सुमारास ती इतर योजनांबरोबर एकत्र करण्यात आली. ते पाहायला भोसले नव्हते. १९६३ मध्ये त्यांचं निधन झालं होतं. राजकारणातली त्यांची वाटही लांबची ठरली नाही. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत रत्नागिरीची जागा काँग्रेसच्या हातून गेली.

त्या योजनेवर आक्षेप घेता येतो, आणि शिक्षणाचा माणूस म्हणून आम्हीही तो घेतो. कवायतीने पाय एका तालात पडतात, मन पडेलच असं नाही. रांगेत उभं राहणारा मुलगा विचार करायला शिकतो की फक्त हुकूम पाळायला? पण मग आम्ही त्या छावणीतल्या मुलाचा विचार करतो. ज्याचं घर एका रात्रीत नाहीसं झालं त्याला रोज सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी उभं राहणं, शेजारच्याच्या खांद्याला खांदा लागणं, आपलं नाव पुकारलं जाणं, याचा अर्थ वेगळा असतो. त्याच्यासाठी ती कवायत म्हणजे उद्याचा दिवस उगवणार याची खात्री होती. शिवाय ही शिस्त आणणारा माणूस आंधळ्या आज्ञापालनाचा पुरस्कर्ता असेल, असं म्हणणं अवघड आहे. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी त्याने आज्ञा मोडली होती. शिस्त कशासाठी, हा प्रश्न त्याने स्वतःला एकदा विचारलेला होता.

तुमची शपथ

आता समोर बसलेल्या मुलांसाठी. तुमच्यातला एखादा आज आम्हाला विचारेल, मग सर, आम्हीही उद्या शपथ मोडायची का? नाही. आणि का नाही, ते नीट समजून घ्या, नाहीतर हे सगळं व्याख्यान वाया गेलं.

भोसल्यांनी तरुणपणी घेतलेली शपथ एका बादशहाशी निष्ठेची होती. तो बादशहा त्यांनी निवडलेला नव्हता, त्याचं राज्य दूर होतं, आणि त्याचा कायदा बदलण्याचा हक्क त्यांना नव्हता. तुम्ही जी शपथ घ्याल ती भारताच्या राज्यघटनेशी निष्ठेची असेल. हुकूम राष्ट्रपतींचे आणि वरिष्ठांचे पाळायचे, प्राणावर बेतलं तरी. पण निष्ठा कोणा व्यक्तीला, पक्षाला, जातीला, नेत्याला नाही. ज्या घटनेशी तुम्ही निष्ठा वाहाल तिच्यात तुमच्या आईचं मत आहे, गावच्या ग्रामपंचायतीचं स्थान आहे, आणि तिच्यातलं काही चुकतंय असं वाटलं तर ते बदलायचा रस्ताही तिच्यातच आहे. ज्या दिवशी असा रस्ता नव्हता त्या दिवशी फॅरर पार्कवर माणसांना भीष्म व्हायचं की युयुत्सु, यातून निवड करावी लागली. त्यांतल्या कित्येकांनी पगार, हुद्दा, काहींनी जीव, देऊन ती केली. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी पुढे घटना लिहिली गेली, असं आम्ही मानतो.

तेव्हा शपथ पाठ करताना तिचा अर्थही पाठ करा. मिठाला जागा, पण मीठ कोणाचं हे विसरू नका. आणि पुढे कधी मुंबईला गेलात, त्या रस्त्यावरची पाटी दिसली, तर बरोबरच्या माणसाला सांगा की हे पानिपतावरचे नव्हेत, तिरोड्याचे.

एवढं बोलून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आम्हाला अजून वेळ आहे.